फोटो ‘गुगल’चा नसतो : प्रबंधासाठी चित्र शोधताना आणि छापताना



प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की गुलमंडी-औरंगपुरा भागातल्या डीटीपी आणि बाइंडिंगच्या दुकानांत विद्यार्थ्यांची गर्दी होते. कोणी पेनड्राइव्ह घेऊन नंबर लावून उभा असतो, कोणी शेवटच्या क्षणी अनुक्रमणिका दुरुस्त करत असतो. आम्ही एका स्मरणिकेच्या कामासाठी अशाच एका दुकानात बसलो होतो. शेजारच्या संगणकावर औरंगाबाद लेण्यांवरचा प्रबंध उघडा होता. संशोधक मुलगी आमच्या ओळखीची. सातव्या लेणीतला अवलोकितेश्वर, तिसऱ्या लेणीतले गुडघे टेकून बसलेले उपासक, विहारांचे आराखडे, सगळे नीट लावलेले. आणि प्रत्येक चित्राखाली एकच ओळ : ‘सौजन्य : गुगल’.

आम्ही विचारले, “ताई, हा फोटो कोणी काढलाय?”

ती म्हणाली, “माहीत नाही, दादा. सगळे असंच लिहितात.”

सगळे असंच लिहितात हे खरे आहे. आम्हीही लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी नामांतर लढ्यावरच्या एका पुस्तिकेत आम्ही मोर्चाचा एक फोटो ‘संग्रहित’ म्हणून छापला. पुस्तिका वाटून झाली आणि एक वयस्कर गृहस्थ भेटायला आले. फोटो त्यांनी काढलेला होता. कॅमेरा उसना, रोलचे पैसे स्वतःच्या खिशातून. त्यांनी पैसे मागितले नाहीत, भांडलेही नाहीत. एवढेच म्हणाले, “नाव तरी टाकायचं होतं, बाबांनो. आणि तुम्ही लिहिलंय त्या गावचा हा मोर्चाच नाही.” मान खाली घालण्यावाचून आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्या दिवसापासून कोणताही फोटो छापण्यापूर्वी आम्ही दोन प्रश्न विचारतो : हा कोणी काढला, आणि तो वापरायचा हक्क आपल्याला कुठून मिळाला? आपल्यातले अनेक तरुण आज एमए, पीएचडी करत आहेत, पुस्तके लिहीत आहेत, लेण्यांवर आणि चळवळीवर व्याख्याने देत आहेत. त्यांच्या उपयोगाचे जे काही आम्हाला ठाऊक आहे, ते इथे एकत्र मांडत आहोत.

अजिंठ्याचा धडा

चित्र कोणी आणि कधी काढले याला इतके महत्त्व का, हे आपल्याच जिल्ह्यातल्या अजिंठ्यावरून समजते. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातले अधिकारी रॉबर्ट गिल यांच्याकडे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम सोपवले. गिल यांनी वर्षानुवर्षे तिथे राहून मोठमोठी तैलचित्रे केली. ती लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. गिल यांनी कॅमेराही वापरला होता. त्यांनी काढलेल्या लेण्यांच्या फोटोंचे पुस्तक जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये निघाले होते.

पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला आले. १८७२ ते १८८५ या काळात हे काम चालले. त्या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये तिथल्या संग्रहालयाला लागलेल्या आगीत अनेक नष्ट झाल्या. उरलेल्या कामावर १८९६-९७ मध्ये दोन खंड निघाले. मुखपृष्ठावर नाव ग्रिफिथ्स यांचे. पण अंधाऱ्या लेण्यांत महिनोन्‌महिने कुंचला धरून उभे राहिले ते पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे जे. जे.चे भारतीय विद्यार्थी. त्यांची नावे आज किती जणांना माहीत आहेत?

भिंतीवरचा रंग दीडशे वर्षांत बराच उडाला. जिथे मूळ चित्र पुसट झाले आहे तिथे या जुन्या नकला आणि जुने फोटो हाच पुरावा आहे. पण नकल कोणाची आणि कोणत्या वर्षाची हे माहीत असेल तरच तो पुरावा ठरतो. १८७० च्या दशकातली नकल आणि कालपरवाचा मोबाइलचा फोटो शेजारी ठेवून दोन्हींखाली ‘सौजन्य : गुगल’ लिहिले, तर आपण स्वतःच आपला पुरावा निकामी केला. गुगल हे शोधण्याचे साधन आहे. ग्रंथालयाचे कपाट दाखवणाऱ्या शिपायाला आपण पुस्तकाचा लेखक म्हणत नाही, तसेच हे.

एका फोटोत तीन गोष्टी

लेणीतल्या बुद्धमूर्तीचा फोटो पाहताना तीन गोष्टी वेगळ्या करायला शिका.

पहिली, मूळ वस्तू. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पावर किंवा भित्तिचित्रावर आज कोणाचाही कॉपीराइट नाही.

दुसरी, फोटो. शिल्प जुने असले तरी त्याचा फोटो नवा असू शकतो. भारतात कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, वर्तुळातला ‘सी’ छापावा लागत नाही. फोटो काढला की हक्क तयार झाला. म्हणून ‘लेणी आपली, मग फोटोही आपलाच’ हा युक्तिवाद टिकत नाही.

तिसरी, सांभाळणारी संस्था. संग्रहालय, अभिलेखागार किंवा ग्रंथालय आपल्याकडची प्रत देताना अटी घालते. त्या अटी मान्य करूनच आपण फाइल उतरवून घेतो, म्हणून त्या वाचणे आपले काम.

सरकारी संकेतस्थळावर आहे म्हणजे सगळ्यांचे, हाही गैरसमज आहे. कायद्याने सरकारी कामावरही कॉपीराइट असतो आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. संकेतस्थळाच्या तळाशी ‘कॉपीराइट धोरण’ असे पान असते, ते उघडून पाहा.

हक्क किती वर्षे टिकतो?

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. लेखक आणि चित्रकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे राहतो. ही ६० वर्षे निधनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची ६० वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये आले, म्हणून त्यावरचा हक्क एक वर्षाने उशिरा, २०१७ च्या अखेरीस संपला.

हाच हिशेब चित्रांना लावा. गिल १८७९ मध्ये वारले, ग्रिफिथ्स १९१८ मध्ये. त्यांची चित्रे केव्हाच मुक्त झाली. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ मध्ये वारले, त्यांचेही फोटो मुक्त आहेत. १९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत अजिंठ्यात नकला करणाऱ्या चित्रकारांत तरुण नंदलाल बोस होते. ते १९६६ मध्ये वारले, म्हणून त्यांच्या स्वतःच्या चित्रांवरचा हक्क २०२६ च्या अखेरपर्यंत आहे.

फोटोंचा इतिहास थोडा वेगळा आहे. १९११ च्या जुन्या कायद्यात फोटोवरचा हक्क निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षे होता. आजचा कायदा जानेवारी १९५८ मध्ये अमलात आला. त्यामुळे त्यापूर्वी भारतात काढलेले फोटो सर्वसाधारणपणे मुक्त धरले जातात. विकिमीडिया कॉमन्सवरही हाच निकष वापरतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचे मूळ फोटो यात बसतात. पण त्याच फोटोवर आज एखाद्या कलाकाराने नव्याने रंगकाम करून वेगळे चित्र केले असेल, तर त्या नव्या कामाचा हक्क त्याचा.

त्यानंतरच्या फोटोंना आता छायाचित्रकाराची हयात अधिक ६० वर्षे हा नियम लागतो. २०१२ च्या दुरुस्तीने तो आला. म्हणजे १९७८ ते १९९४ या नामांतर लढ्यातले फोटो आजही कॉपीराइटखाली आहेत. ते वापरायचे तर माणूस शोधावाच लागतो.

परवानगीशिवाय काय चालते?

कायदा विद्यार्थ्याच्या विरोधात नाही. कलम ५२ मध्ये त्याने आपल्यासाठी दारे उघडी ठेवली आहेत. संशोधनासह खासगी वापर, एखाद्या कलाकृतीची समीक्षा किंवा टीका, यांसाठी वाजवी प्रमाणात वापर चालतो. शिक्षक आणि विद्यार्थी यांना अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत करता येते. वर्गात स्लाइडवर फोटो दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही.

याच कलमावर दिल्लीत एक मोठा खटला झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. तक्रार होती अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतली पाने एकत्र करून दिल्याची. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. त्याच डिसेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अध्यापनासाठीच्या प्रतींची ही सवलत कायम ठेवली, पण केलेल्या प्रती खरोखर अभ्यासक्रमाच्या गरजेच्या होत्या का, हे तपासण्यासाठी प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवले. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. पुस्तक विकत घेणे न परवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूचा हा निकाल आहे आणि तो प्रत्येकाला माहीत हवा.

पण ही दारे किती उघडी आहेत हे कामाच्या टप्प्यावर ठरते. टप्पे असे :

पहिला टप्पा, वर्ग, चर्चासत्रातले सादरीकरण आणि परीक्षकांपुढे ठेवलेला प्रबंध. इथे मोकळीक सर्वांत जास्त. श्रेय मात्र द्यायचेच.

दुसरा टप्पा, शोधगंगा. तुमचा प्रबंध तिथे चढला की जगात कोणीही तो उघडू शकतो. ज्या चित्राची तुम्ही मजकुरात खरोखर चर्चा केली आहे, ते चित्र समीक्षेच्या सवलतीत बसवता येते. प्रकरणाच्या सुरुवातीला केवळ शोभेसाठी टाकलेले चित्र त्यात बसत नाही.

तिसरा टप्पा, विकायचे पुस्तक, यूट्यूब चॅनेल, दिनदर्शिका, पोस्टर. इथे परवानगी घ्या किंवा मुक्त चित्र वापरा. चांगला प्रकाशक प्रत्येक चित्राचे परवानगीपत्र मागतोच. ते नसेल तर छपाईच्या तोंडावर चित्रे काढावी लागतात आणि मजकुरातले संदर्भ लंगडे पडतात.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : श्रेय देणे आणि परवानगी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव छापले म्हणून परवानगी मिळत नाही. आणि परवानगी मिळाली किंवा हक्काची मुदत संपली म्हणून नाव गाळायचेही नसते. वाङ्मयचौर्य हा तर कॉपीराइटहून वेगळा विषय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत वाङ्मयचौर्यावर कारवाईची तरतूद आहे. सॉफ्टवेअर मजकूर पकडते, चित्र बहुधा पकडत नाही. पण परीक्षक पकडू शकतो, आणि वाचकही.

शोधायचे कुठे?

विकिमीडिया कॉमन्सपासून सुरुवात करा. अजिंठा, वेरूळ, कार्ले, नाशिकची पांडवलेणी यांचे भरपूर फोटो तिथे आहेत आणि प्रत्येक फोटोच्या पानावर छायाचित्रकार, तारीख आणि परवाना लिहिलेला असतो. ओपनव्हर्स हे शोधयंत्र फक्त मुक्त परवान्याची चित्रे दाखवते. गुगलच्या चित्रशोधातही ‘टूल्स’मध्ये जाऊन ‘युसेज राइट्स’खाली क्रिएटिव्ह कॉमन्स निवडता येते. तरी परवाना मूळ पानावर जाऊन स्वतः तपासा.

गांधार, मथुरा आणि पाल काळातल्या बुद्धमूर्तींसाठी परदेशी संग्रहालये पाहा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये मुक्त झालेल्या कलाकृतींचे लाखो फोटो कोणत्याही वापरासाठी खुले केले. क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयाने २०१९ मध्ये आणि स्मिथसोनियनने २०२० मध्ये तेच केले. अमरावतीची शिल्पे ज्यांच्याकडे आहेत त्या ब्रिटिश म्युझियमचे फोटो मात्र बिगर-व्यावसायिक परवान्यावर मिळतात. प्रबंधाला चालतील, विकायच्या पुस्तकासाठी वेगळी परवानगी लागेल.

जुन्या पुस्तकांसाठी इंटरनेट आर्काइव्ह आहे. औरंगाबाद लेण्यांवर काम करणाऱ्याने जेम्स बर्जेस यांचा बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या पुरावशेषांवरचा १८७८ चा अहवाल पाहावाच. त्यात लेण्यांचे आराखडे आहेत, आणि बर्जेस १९१६ मध्ये वारल्यामुळे ते निर्धास्त वापरता येतात. आपल्याकडची ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन कल्चर’ ही सरकारी संकेतस्थळेही उपयोगी आहेत, अटी वाचून.

नकाशा हवा असेल तर ओपनस्ट्रीटमॅप वापरा आणि त्यांचे नाव छापा. भारताची सीमा दाखवणारा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच हवा. चुकीची सीमा छापणे हा गुन्हा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोचा मूळ स्रोत शोधायचा तर तो गुगल लेन्स किंवा टिनआय यांत टाका. सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी प्रत कुठे आहे ते पाहा. मूळ सापडलेच नाही, तर तो फोटो पुरावा म्हणून वापरू नका.

छपाईचा एक साधा हिशेबही सांगतो. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. १० सेंटिमीटर रुंद चित्रासाठी फाइल साधारण १,२०० पिक्सेल रुंद हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो दाबला गेलेला असतो, म्हणून फोटो देणाऱ्याकडून तो ईमेलने किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

सीसी म्हणजे काय?

क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे सीसी, हा हक्कधारकाने स्वतःहून आधीच दिलेला परवाना आहे. त्याची अक्षरे ओळखायला शिका. ‘बाय’ म्हणजे माझे नाव द्या आणि वापरा. ‘एसए’ म्हणजे चित्रात बदल करून नवे काही केले, तर तेही याच परवान्यावर खुले ठेवा. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदल करून ते प्रसिद्ध करू नका. ‘सीसी शून्य’ म्हणजे कोणतीच अट नाही. ‘सीसी बाय’ किंवा ‘सीसी बाय-एसए’ असलेले चित्र प्रबंधापासून पुस्तकापर्यंत सगळीकडे चालते, म्हणून शक्यतो तेच निवडा.

स्वतःचा कॅमेरा सर्वांत भरवशाचा

औरंगाबाद लेणी विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर आहेत. तिथे जाऊन फोटो काढले की हक्क तुमचा, तारीख तुमच्या डोळ्यांसमोरची आणि मापेही हाताशी. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, कारण प्रकाशाने रंगांना इजा होते. ट्रायपॉड आणि दिवे लावून काम करायचे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी आधी काढा. विद्यापीठाचे पत्र आणि मार्गदर्शकांची सही सोबत जोडा.

नव्या स्मारकांचे काय? भडकल गेटजवळचा बाबासाहेबांचा पुतळा किंवा दीक्षाभूमीचा स्तूप यांचा फोटो काढायला आणि छापायला कायद्याने मोकळीक आहे. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाला आणि वास्तूला ही सवलत आहे. भिंतीवर आजच्या चित्रकाराने रंगवलेल्या चित्राला मात्र ती सवलत लिहिलेली नाही. वस्तीतल्या भिंतीवरचे बाबासाहेबांचे सुंदर चित्र मुखपृष्ठावर घ्यायचे असेल, तर रंगवणाऱ्या पोराला शोधा, विचारा आणि आत त्याचे नाव छापा.

घरच्या पेटीतले फोटो

आपल्या चळवळीचा मोठा भाग अजून लोखंडी पेट्यांत आहे. धम्मदीक्षेच्या वर्षातला कुटुंबाचा फोटो, मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहातला गट, सत्याग्रहात अटक झाल्यावर ठाण्यासमोर काढलेला फोटो. यांवर संशोधन करताना कायद्यातली एक गोष्ट कामी येते : पैसे देऊन स्टुडिओकडून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कधारक, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेणारा असतो. म्हणजे आजोबांनी स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोसाठी कुटुंबाची परवानगी लागते. मित्राने किंवा कार्यकर्त्याने हौसेने काढलेल्या फोटोचा हक्क मात्र काढणाऱ्याचा. वृत्तपत्रात आलेल्या फोटोसाठी वृत्तपत्र आणि छायाचित्रकार, दोघांनाही विचारा.

पेटीतला फोटो बाहेर काढताना पायरी चुकवू नका. घरच्यांसमोर बसून फोटोतली प्रत्येक व्यक्ती ओळखून घ्या, गाव आणि वर्ष लिहून घ्या, मोबाइलने मागची बाजूही टिपा. मूळ फोटो घरी नेऊ नका. लेखी संमती घ्या आणि छापल्यावर एक प्रत त्या घरी पोचवा.

इथे कायद्याच्या पलीकडचाही एक प्रश्न आहे. अत्याचारग्रस्त कुटुंबांचे फोटो आपण सहज पुढे पाठवतो. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. पण जिथे कायदा गप्प आहे तिथेही विचारा : या आईला आपला रडतानाचा चेहरा दहा वर्षांनी एखाद्या पुस्तकात पाहायला चालेल का? संमती नसेल तर चेहऱ्याशिवाय काम भागवा.

ओळ कशी लिहायची, पत्र कसे लिहायचे

चित्राखालच्या ओळीत पाच गोष्टी हव्यात : काय आहे, कुठले आहे, कोणी काढले, कधी काढले, आणि कोणत्या हक्काने वापरले. उदाहरणार्थ : ‘चित्र ४. अवलोकितेश्वर, लेणी क्र. ७, औरंगाबाद लेणी. छायाचित्र : संशोधक स्वतः, महिना आणि वर्ष.’ किंवा : ‘आराखडा : जेम्स बर्जेस, १८७८. मुदत संपल्याने कॉपीराइटमुक्त.’ प्रबंधाच्या सुरुवातीला चित्रसूची द्या. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये चित्र सापडले त्याच दिवशी ही माहिती आणि पानाचा पत्ता नोंदवा. शेवटच्या आठवड्यात ती आठवत नाही.

परवानगीपत्र लांबलचक नको. चित्र कोणते, कशासाठी, किती प्रती निघणार, पुस्तक विकायचे आहे की नाही, ते ऑनलाइन जाणार का, नाव कसे छापायचे, एवढे लिहा आणि उत्तर लेखी मागा. उत्तर आले नाही तर त्याला होकार समजू नका. चित्र बदला, किंवा स्वतः आराखडा काढा. गुंतागुंतीच्या प्रकरणात वकिलाचा किंवा विद्यापीठाच्या ग्रंथपालांचा सल्ला घ्या.

शेवटी एक नवे संकट. एआयने बनवलेली अजिंठ्याची आणि बाबासाहेबांची चित्रे सध्या जोरात फिरत आहेत. दिसायला देखणी, पण त्या भिंतीवर कधीच नसलेली. अशी चित्रे प्रबंधात पुरावा म्हणून अजिबात वापरू नका. आणि शोभेसाठी वापरलीच, तर खाली स्पष्ट लिहा. आपल्या इतिहासात खोटेपणा शोधणारे टपूनच बसलेले असतात. त्यांच्या हातात कोलीत देऊ नका.

आपलेही काही देणे आहे

आपण सगळे घेतच राहिलो तर मुक्त चित्रांचा साठा वाढणार कसा? तुमच्या गावाजवळची लहान लेणी, पडझड झालेला स्तूप, वस्तीतले जुने विहार, पहिल्या भीमजयंतीची मिरवणूक पाहिलेली आजी, यांचे फोटो काढा आणि त्यांतले शक्य तितके विकिमीडिया कॉमन्सवर ‘सीसी बाय-एसए’ परवान्याने स्वतःच्या नावानिशी चढवा. माणसांचे असतील तर त्यांना विचारून. आज गिल आणि ग्रिफिथ्स यांच्याशिवाय अजिंठ्याचा अभ्यास होत नाही. पन्नास वर्षांनी आपल्या लेण्यांचा आणि चळवळीचा अभ्यास करणाऱ्याला आपल्याच मुलामुलींची नावे दिसायला हवीत.

त्या संशोधक मुलीने बाइंडिंग थांबवले. रविवारी मैत्रिणीला घेऊन ती लेण्यांवर गेली, सकाळच्या उजेडात फोटो काढले, जुने आराखडे बर्जेसच्या अहवालातून घेतले आणि ज्यांचा माग लागला नाही ती चित्रे काढून टाकली. आठ दिवसांनी ती पुन्हा त्याच दुकानात आली. ऑपरेटरने चित्रांखालच्या ओळी टाइप करताना विचारले, “ताई, सगळीकडे ‘सौजन्य गुगल’च ना?”

ती म्हणाली, “नाही. माझं नाव टाका.”

आम्ही आमच्या पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत त्या मोर्चाच्या फोटोखालचे गाव दुरुस्त केले आहे, आणि काढणाऱ्याचे नावही छापले आहे. ती प्रत त्यांच्या घरी पोचवली.

जय भीम.